शिष्यवृत्ती आणि कष्टकऱ्यांची मुले

(बंगळूरमधील व्हाइटफील्ड येथे मराठी भाषक कामगार-कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. वक्त्या पक्षाच्या अनुवाद विभागात काम करतात. – संपादक)



आजच्या अभ्यासवर्गासाठी जाहीर झालेला विषय ‘आफ्रिकेतील वंचित विद्यार्थ्यांच्या शालेय जीवनात शिष्यवृत्त्यांनी घडविलेले बदल’ असा आहे. गेले काही महिने या विषयावरचा बराच मजकूर मी मराठीत आणीत होते, म्हणून बोलण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. परंतु आज येथे येताना कडुगोडीच्या अलीकडे, एका इमारतीच्या कामावरील पत्र्याच्या शेडपाशी मला थांबावे लागले. तेथील एका भगिनीने सरळच विचारले, “ताई, पोरीचा फॉर्म भरून सात महिने झाले. पैसे येणार नसतील तर तसं सांगा, म्हणजे मी तिला कामावर घेऊन जाते.” मुलगी नववीत आहे. ती शेजारीच बसून भांडी घासत होती आणि आमचे बोलणे तिला ऐकू येत होते.

या प्रश्नाला बगल देऊन तुम्हाला केनिया आणि घाना यांची हकीकत सांगणे मला जमणार नाही. म्हणून आधी आपल्या घरचा इतिहास सांगते, नंतर आफ्रिकेकडे वळते आणि शेवटी पुन्हा त्या शेडपाशी येते.

अनुवादाचे काम करणाऱ्याला शब्दांशी झटापट करण्याची खोड असते, ती क्षम्य समजावी. ‘स्कॉलरशिप’ या इंग्रजी शब्दात विद्वत्ता आहे. हुशारीचे बक्षीस, असा त्याचा रोख आहे. मराठीतला ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द निराळा आहे. वृत्ती म्हणजे उपजीविका, पोटापाण्याची व्यवस्था. शिकणाऱ्याने शिकत असताना खायचे काय, या प्रश्नाचे उत्तर त्या शब्दात आहे. चौथी-सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षांनी आणि वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या गुणवत्ता याद्यांनी इंग्रजी अर्थ आपल्या मनात इतका भिनवला की मूळ मराठी अर्थ आपण विसरून गेलो. आणखी एक शब्द आता जवळजवळ लोपला आहे, तो म्हणजे ‘नादारी’. फी माफ व्हावी म्हणून हेडमास्तरांपुढे उभे राहून आपण नादार आहोत हे सिद्ध करावे लागे. कोणाला पूर्ण नादारी, कोणाला अर्धी. मान खाली घालायला लावण्याची सोय त्या शब्दातच होती.

शिकणाऱ्याच्या पोटाची काळजी आपल्या समाजाने पूर्वी कधी वाहिलीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. गरीब ब्राह्मण मुलगा वार लावून जेवत असे, माधुकरी मागत असे आणि त्यात त्याला कोणी हिणवत नसे. पेशव्यांच्या दक्षिणेचा पैसा इंग्रजी अमदानीत आधी १८२१ साली पुण्याच्या संस्कृत पाठशाळेकडे आणि पुढे उच्च शिक्षण घेणाऱ्यांच्या फेलोशिपकडे वळला. न्यायमूर्ती रानडे हे दक्षिणा फेलो होते. विद्यार्थ्याला पोसणे हे समाजाचे कर्तव्य आहे, हे तत्त्व अशा रीतीने मान्यच होते. तो विद्यार्थी कोणत्या जातीचा असावा, एवढेच आधी ठरलेले होते. अस्पृश्य ठरवलेल्या जातीतील मुलाने वार लावण्यासाठी कोणाच्या दारी जावे?

एकाच सालातील दोन गोष्टी

आपण ज्या ठिकाणी बसलो आहोत त्या व्हाइटफील्डची स्थापना १८८२ सालची. म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वडियार यांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन असोसिएशनला ३,९०० एकर जमीन दिली आणि त्या संघटनेचे नेते डी. एस. व्हाइट यांच्या नावाने ही वसाहत उभी राहिली. एका लहान समाजाला शेतीवर पाय रोवता यावेत म्हणून राज्याने जमीन मोकळी करून दिली. आज त्याच जमिनीचा भाव चौरस फुटावर सांगितला जातो, ते असो.

त्याच १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. त्या निवेदनाचा प्राथमिक शिक्षणाविषयीचा भाग सर्वांच्या वाचनात आहे. शिष्यवृत्त्यांविषयी त्यांनी जे म्हटले त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. त्यांचे म्हणणे असे होते की, सरकारी शिष्यवृत्त्यांची पद्धत सदोष आहे, कारण ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधीच लागलेली आहे त्यांनाच ती उत्तेजन देते. ज्या वर्गांत शिक्षणाचा प्रवेशच झालेला नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवाव्यात. चढाओढीने शिष्यवृत्ती देणे तत्त्वतः न्याय्य दिसत असले तरी त्यायोगे इतर वर्गांत विद्या पसरत नाही. गुणवत्तेच्या नावाने आज जो वाद घातला जातो, त्याचे इतके नेमके उत्तर एकशे चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी देऊन ठेवलेले आहे.

या विचाराला प्रत्यक्षात आणण्याचा मोठा प्रयत्न कोल्हापूर संस्थानात झाला. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि त्यामागोमाग निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच उभी केली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९१७ साली सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण आले. खेड्यातला मुलगा शहरात आला तर त्याला जागा कोण देणार आणि भाकरी कोण घालणार, ही अडचण शाहूंनी बरोबर हेरली होती. जातवार वसतिगृहांवर पुढे टीका झाली आणि ती अस्थानी नव्हती. परंतु तोपर्यंत सर्वांना एकत्र जेवू घालणारे घरच उपलब्ध नव्हते, हेही विसरता कामा नये. ते घर साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी उभे केले. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत, स्वयंपाकाला हात लावत आणि शेतात राबून आपल्या खर्चाचा भार उचलत. मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. कमवा आणि शिका ही कल्पना तेथे रुजली. तिच्याविषयी माझ्या मनात आदर आहे, पण एक शंकाही आहे. श्रीमंताच्या मुलाने नुसते शिकावे आणि गरिबाच्या मुलाने कमवून शिकावे, असा तिचा अर्थ होऊ देता कामा नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची हकीकत आपणा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातील एकाच बाजूकडे मी लक्ष वेधते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना दरमहा २५ रुपये दिले. पुढे १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून घेतला. मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले आणि राहायला खोली मिळेना. नाव लपवून एका पारशी विश्रामगृहात ते राहिले, तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. ज्या बडोद्याच्या पैशाने त्यांना न्यूयॉर्कमध्ये छप्पर दिले, त्या बडोद्यात त्यांना छप्पर नव्हते. शिष्यवृत्ती माणसाला विद्यापीठाच्या दारापर्यंत नेते. गल्लीचा, भाड्याच्या खोलीचा आणि पाणवठ्याचा प्रश्न तिने सुटत नाही.

म्हणूनच ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना त्यांनी सरकारला जे निवेदन दिले, त्यात राजाच्या औदार्याची भाषा नव्हती. अलिगढ आणि बनारस येथील विद्यापीठांना केंद्र सरकार दर साल प्रत्येकी तीन लाख रुपये देते, मग अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी का देत नाही, असा तो हिशेबाचा सवाल होता. त्यातून १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तिला ‘जी.ओ.आय.’ म्हणतात. औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय १९५० साली सुरू झाले आणि पुढील वीस वर्षांत मराठी साहित्याचा चेहरामोहरा बदलणारी पिढी तेथे शिकली. त्या पिढीतील कित्येकांचे जेवण या ‘जी.ओ.आय.’वर चालत असे, आणि तिच्यातून चार पैसे गावी आईला मनीऑर्डरने जात असत. सरकारच्या दृष्टीने तो निधीचा गैरवापर ठरला असता. माझ्या दृष्टीने त्या मनीऑर्डरीनेच घरच्यांनी मुलाला परत बोलावले नाही.

सूप आणि पाटी

येथे स्वतःविषयी थोडे बोलते.

माझी आई सोलापुरात विड्या वळीत असे. कारखान्यातून पान-तंबाखू आणायचा, घरी बसून विड्या वळायच्या, दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायच्या आणि छाट किती निघते इकडे जीव टांगून उभे राहायचे, असा तिचा दिनक्रम होता. विडीच्या घरात मुलगी सात-आठ वर्षांची झाली की तिच्या मांडीवर सूप येते. प्रथम नुसती वळलेल्या विड्यांची तोंडे बंद करायची, मग पान कापायचे, मग वळायचे. शाळेतून आल्यावर मी रोज तीन-चारशे विड्यांची तोंडे मिटवीत असे. शाळेला फी नव्हती. माझ्या संध्याकाळी मात्र फुकट नव्हत्या. त्या घरच्या मजुरीत धरलेल्या होत्या.

१९७६ साली विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. विड्यांच्या उत्पादनावर उपकर बसवून त्यातून दवाखाने, घरे आणि कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती, अशी ती योजना होती. (वस्तू व सेवा कर आला तेव्हा २०१७ साली हा उपकर रद्द झाला.) शिष्यवृत्तीसाठी आईचे कामगार म्हणून ओळखपत्र लागे. कार्ड दिले म्हणजे ती आपली कामगार आहे हे मान्य केल्यासारखे होते, आणि मग भविष्य निर्वाह निधीपासून सारेच मागे लागते, हे कारखानदार ओळखून असतात. आईने त्या कार्डासाठी दोन वर्षे खेटे घातले. शेवटी युनियनच्या बायकांनी मिळून फाटकापाशी ठाण मांडले तेव्हा ते मिळाले.

पहिली शिष्यवृत्ती मी सातवीत असताना आली. वर्ष संपत आल्यावर आली. त्यातला निम्मा पैसा वाण्याच्या वहीत गेला, उरलेल्यात दप्तर आणि चपला आल्या. एवढ्याने काय बदलले, असे कोणी विचारील. त्या दिवशी आई म्हणाली, “आता तू सुपाला हात लावायचा नाही. सरकार तुला शिकायचे पैसे देतंय.” ती रक्कम माझ्या वर्षभराच्या संध्याकाळच्या मजुरीपुढे कमीच होती. परंतु आईला नातेवाइकांपुढे आणि शेजारणींपुढे सांगायला एक कारण मिळाले. नववीत असताना माझ्या लग्नाचे बोलणे निघाले, तेव्हाही तिने तेच कारण पुढे केले. शाळेतही फरक पडला. यादीत नाव असलेली मुलगी चार दिवस आली नाही तर बाई चौकशीला येत, कारण हजेरीवर शिष्यवृत्ती अवलंबून होती. पूर्वी मी महिनाभर आले नसते तरी कोणाला पत्ता लागला नसता.

महाविद्यालयात मात्र उलट अनुभव आला. शिष्यवृत्ती मंजूर होती, पैसे जमा झाले नव्हते, म्हणून परीक्षेचा अर्ज अडवला गेला. एका मैत्रिणीच्या भावाने उसने पैसे दिले. शिष्यवृत्ती परीक्षेनंतर दोन महिन्यांनी आली. माझ्याबरोबरच्या दोघींना उसने देणारे कोणी नव्हते. त्या पुन्हा वर्गात दिसल्या नाहीत.

आफ्रिकेचा अनुभव

आता आफ्रिकेकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर आफ्रिकेतील अनेक देशांनी शाळा उघडण्याची पराकाष्ठा केली. १९८०च्या दशकात हे देश कर्जाच्या फासात सापडले, आणि जागतिक बँक व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्या अटींनुसार सरकारी खर्चाला कात्री लागली. शिक्षणाच्या खर्चात पालकांनीही ‘वाटा’ उचलावा, असे गोंडस नाव देऊन शाळांत फी बसली. आधी फी लावायची आणि मग निवडक मुलांना शिष्यवृत्त्या देऊन त्यांची छायाचित्रे छापायची, असा हा क्रम आहे. जनतेच्या दबावाखाली पुढे फी मागे घ्यावी लागली. मलावीत १९९४, युगांडात १९९७, टांझानियात २००१ आणि केनियात २००३ साली प्राथमिक शाळांची फी रद्द झाली, आणि वर्गांत पाय ठेवायला जागा राहिली नाही. गरिबांना शिक्षणाची किंमत कळत नाही, असे म्हणणारे तेव्हा कोठे गेले, कोणास ठाऊक.

केनियातील फी रद्द होण्याच्या थोडे आधी, २००१ साली, त्या देशाच्या पश्चिम टोकाला बुसिया आणि तेसो या दोन जिल्ह्यांत एक प्रयोग झाला. १२७ शाळांपैकी चिठ्ठ्या टाकून ६४ शाळा निवडल्या आणि तेथील सहावीच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती जाहीर केली. वार्षिक परीक्षेत वरच्या १५ टक्क्यांत येणाऱ्या मुलीला दोन वर्षे फीपोटी ५०० शिलिंग शाळेकडे आणि गणवेश-वह्यांसाठी १,००० शिलिंग घरी, शिवाय सर्व गावासमोर सत्कार. हा प्रयोग करणाऱ्यांतील एका अर्थतज्ज्ञाला पुढे २०१९ साली नोबेल मिळाले. ही मंडळी मार्क्सवादी नव्हेत आणि त्यांचे सारे निष्कर्ष डोळे मिटून घेण्याचे कारण नाही. पण मोजणी मोजणीच असते. बुसियात मुलींचे गुण वाढले. ज्यांना शिष्यवृत्ती मिळण्याची काहीच आशा नव्हती अशा मागे पडलेल्या मुलींचेही वाढले, आणि योजनेत नसलेल्या मुलांनाही लाभ झाला. शिक्षक शाळेत अधिक दिवस येऊ लागले, कारण आई-बाप शाळेत येऊन चौकशी करू लागले होते. माझ्या बाई घरी चौकशीला येत, त्याची मला हे वाचताना आठवण झाली.

तर मग जोतीराव चुकले काय? चढाओढीची शिष्यवृत्तीही उपयोगी ठरते काय? अनुवाद करताना मी येथे बराच वेळ अडले होते. मला उमगलेला फरक असा आहे की, बुसियातील चढाओढ एकाच मुलखातील, शेतकऱ्यांच्या, सारख्याच गरिबीतील मुलींमध्ये होती. नैरोबीच्या खासगी शाळेतील मुलगी त्यांच्याशी स्पर्धेला उभी नव्हती. फुल्यांचा आक्षेप विषमांच्या शर्यतीला होता. आणि तेसो जिल्ह्यात हाच प्रयोग फसला, हेही सांगायला हवे. तेथे पालकांचा योजना राबविणाऱ्या संस्थेवर विश्वास बसला नाही, काही शाळा बाहेर पडल्या आणि बुसियासारखा परिणाम दिसला नाही. पैसा तोच होता, नियम तेच होते.

घानातील हकीकत मला अधिक मोलाची वाटते. २००८ साली तेथे माध्यमिक शाळेत प्रवेश मिळालेला असूनही पैशाअभावी दाखल होऊ न शकलेली २,०६४ मुले-मुली शोधण्यात आली. त्यांतील ६८२ जणांना चिठ्ठीने पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली, उरलेल्यांना नाही. पुढे अनेक वर्षे दोन्ही गटांची माहिती ठेवली गेली. शिष्यवृत्तीच्या गटात माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण कितीतरी जास्त भरले. मुलींच्या बाबतीत कोवळ्या वयातील मातृत्व कमी झाले. परंतु नोकरीच्या बाजारात, पुढे उच्च शिक्षणापर्यंत पोचू न शकलेल्यांना म्हणावा तसा लाभ दिसला नाही. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलीला काम देणे अर्थव्यवस्थेच्या हाती असते; शिष्यवृत्ती कारखाने उभारीत नाही. घानाने २०१७ साली माध्यमिक शिक्षण सर्वांसाठी मोफत केले. चिठ्ठीत नाव न निघालेल्यांच्या धाकट्या भावंडांना तरी चिठ्ठीची वाट पाहावी लागली नाही.

दुसऱ्या एका प्रकारच्या मदतीचा उल्लेख या व्यासपीठावरून राहून जाता कामा नये. मॉस्कोत १९६० साली लोकमैत्री विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला पॅट्रिस लुमुंबा यांचे नाव देण्यात आले. ४ मे १९७८ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सैन्याने अंगोलातील कासिंगा येथे नामिबियन निर्वासितांच्या छावणीवर हल्ला केला. त्यातून वाचलेल्या मुलांना क्यूबाने आपल्या युवा बेटावरील शाळांत नेले. अंगोला आणि मोझांबिकची हजारो मुलेही तेथे शिकली. क्यूबा स्वतः श्रीमंत नव्हता. आपल्या देशानेही १९४९ पासून परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या आणि त्यांत आफ्रिकेचा वाटा मोठा राहिला. पुण्यातील जुन्या रहिवाशांना हे विद्यार्थी चांगले आठवत असतील. परंतु ३१ जानेवारी २०१६ रोजी याच बंगळूर शहरात, हेसरघट्टा भागात, दुसऱ्याच कोणाच्या हातून झालेल्या अपघाताचा राग जमावाने टांझानियाच्या एका विद्यार्थिनीवर काढला. बडोद्याच्या त्या विश्रामगृहाला तेव्हा ९९ वर्षे होत आली होती.

पुन्हा शेडपाशी

व्हाइटफील्डच्या कोणत्याही मोठ्या बांधकामावर जा. शेजारशेजारच्या तीन खोल्यांत तीन लमाण कुटुंबे सापडू शकतात: एक विजापूर जिल्ह्यातील तांड्यावरचे, दुसरे सोलापूर जिल्ह्यातले, तिसरे तेलंगणातले. बोली एक, काम एक, गरिबी एक. परंतु कर्नाटकात बंजारा अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत. वडार समाजाचेही तसेच. इकडे अनुसूचित जात, तिकडे विमुक्त. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा मूळ रहिवासी आहे त्या राज्याने द्यायची असते. म्हणजे तिन्ही घरच्या मुलांनी एकाच बसने एकाच महाविद्यालयात जायचे आणि दाखल्यांसाठी तीन राज्यांत धावायचे. रोजंदारी बुडवून बाप गावी जातो, तलाठ्यापासून तहसीलपर्यंत फिरतो, आणि परत येईपर्यंत अर्जाची मुदत टळलेली असते. मजूर हवा तेव्हा राज्यांच्या सीमा आड येत नाहीत.

रकमेविषयीही बोलले पाहिजे. नववी-दहावीतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१२ साली जी योजना आली, तिच्यात घरी राहून शिकणाऱ्याला महिन्याला १५० रुपये, तेही दहा महिने, आणि पुस्तकांना वर्षाला ७५० रुपये होते. बांधकामावर वीट उचलणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला चार-पाच दिवसांत तेवढे मिळतात. पुढे रकमा वाढल्या, पण मोजण्याची रीत बदलली नाही: वह्या-पुस्तकांचा खर्च धरला जातो, मुलीच्या बुडालेल्या मजुरीचा धरला जात नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती बंद केली. आठवीपर्यंतचे शिक्षण हक्काच्या कायद्याने मोफतच आहे, मग शिष्यवृत्ती कशाला, असे कारण दिले गेले. पहिली ते पाचवीच्या मुलाला महिन्याला १०० रुपये मिळत होते, ते गेले. ज्याने कधी मांडीवर सूप घेतले नाही त्यालाच असे कारण सुचू शकते.

लढ्याने मिळतच नाही असेही नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा भार केंद्राने वर्षानुवर्षे राज्यांवर ढकलला होता आणि ठिकठिकाणी प्रवेश अडले होते. देशभर ओरड झाल्यावर डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि त्यातला ६० टक्के वाटा उचलण्याचे मान्य केले. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला आणि बांधकामाच्या खर्चावर उपकर बसला, त्यातूनही मुलांच्या शिक्षणाला साहाय्य मिळण्याची वाट निघाली. अडते ते नोंदणीवर. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला ठेकेदाराने द्यायचा, आणि ठेकेदार तो देत नाही. कारण माझ्या आईच्या कार्डाचे जे होते तेच.

त्या शेडमधील कुटुंब बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातले आहे. घरी मराठी, शाळेत कन्नड. मुलीचा अर्ज मी तेथेच बसून मोबाइलवर पाहिला. तो नामंजूर झालेला नाही. आधार कार्डावर तिचे नाव मराठी रीतीने वडिलांचे नाव आणि आडनावासह आहे. शाळेच्या पटावर येथील रिवाजाप्रमाणे नाव आणि पुढे एक आद्याक्षर आहे. यंत्राला या दोन मुली वाटतात. सात महिने एवढ्यासाठी गेले आणि कोणीही त्या माऊलीला सांगितले नाही. मी आईला म्हटले, “पोरीला कामावर नेऊ नका, सोमवारी मी शाळेत येते.” तिने होकार दिला नाही, नकारही दिला नाही. पंधरा दिवस बघते, म्हणाली.

म्हणून तुमच्याकडे काही मागणे आहे. तुमच्यापैकी बरेच जण संगणकावर काम करता, इंग्रजी जाणता. कन्नड चांगले येणारेही येथे चार-पाच जण आहेत. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता त्या शेडच्या फाटकापाशी एक टेबल मांडायचे ठरवले आहे. येताना चार्जर, कोरे कागद आणि जमल्यास एक छपाईयंत्र आणावे. कामगारांनी आधार कार्ड, शाळेचा दाखला, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला व बँकेचे पुस्तक आणावे, असे मी तेथे सांगून आले आहे. ज्यांच्याकडे यातले काहीच नाही त्यांनीही यावे, असेही सांगितले आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदी अशा चार भाषांत सूचनाफलक लिहायचा आहे. मराठी आणि हिंदी मी लिहिते, उरलेल्या दोन भाषांसाठी सभा संपल्यावर नावे द्यावीत.